पंचवीस हॉर्सपॉवरमधले पंधरा हवेला: युद्धानंतरच्या जर्मन गाड्या अशा गोल का होत्या

परवा भाची घरी आली होती, तिच्या मोबाइलमध्ये जुन्या फोक्सवॅगन बीटलचा फोटो होता, कुठल्यातरी विंटेज रॅलीत काढलेला, आणि ती म्हणाली, मामा ही गाडी अशी कासवासारखी का गं बाई, तेव्हाच्या लोकांना सगळं गोलच आवडायचं का? म्हटलं नाही, हवेमुळे. मग म्हणाली, म्हणजे जाम फास्ट असेल. म्हटलं तेही नाही. आणि मग आम्ही दीड तास बोलत बसलो, चहा गार झाला, तेव्हा वाटलं हे नीट लिहून काढावं कारण गोष्ट खरंच सुंदर आहे आणि त्यात फिजिक्स दहावीच्या पलीकडचं नाहीये.

सुरुवात बीटलपासूनच करू. १९४५ साली जर्मनी हरलेली, फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्गचा कारखाना बॉम्बिंगने अर्धा पडलेला, आणि तो भाग ब्रिटिशांच्या ताब्यात. आयव्हन हर्स्ट नावाच्या ब्रिटिश मेजरने तो कारखाना पुन्हा चालू केला, आणि तिथून जी गाडी बाहेर पडायला लागली तिचं इंजिन होतं ११३१ सीसीचं, ताकद २५ हॉर्सपॉवर. आता २५ म्हणजे किती ते कळावं म्हणून सांगतो, आज आपल्या रस्त्यावर जी पल्सर एनएस २०० पळते तिचं इंजिन साधारण तेवढीच ताकद देतं. त्या बाइकवर एक-दोन माणसं बसतात, इथे सातशे किलोच्या वर वजनाची पत्र्याची गाडी, त्यात चार माणसं, वर सामान, आणि हे सगळं ऑटोबानवर, म्हणजे जर्मन हायवेवर, तासाला शंभरने तासन्‌तास पळवायचंय. टॉप स्पीड १०५. बस, त्याच्या वर नाही.

हे १०५ वरच का अडलं? कारण हवा. आपल्याला हवा म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण एक घनमीटर हवेचं वजन जवळपास सव्वा किलो भरतं. बीटलला समोरून बघितलं तर तिची जी सावली पडेल तिचं क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर. शंभरच्या स्पीडला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, म्हणजे दर सेकंदाला ५० घनमीटर हवा तिच्या वाटेत येते, म्हणजे साठ किलो हवा. दर सेकंदाला एक अख्खा माणूस उचलून बाजूला ठेवायचा, लगेच दुसरा, लगेच तिसरा. एवढं काम ते छोटं इंजिन करत होतं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की बाकी सगळा लेख सोपा जातो. स्पीड दुप्पट केला की दर सेकंदाला वाटेत येणारी हवा दुप्पट होते, आणि त्यातल्या प्रत्येक किलोला दुप्पट जोरात ढकलावं लागतं, म्हणून हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो चौपट विरोध दुप्पट स्पीडने ढकलत न्यायचा म्हणजे लागणारी ताकद आठपट! बीटलचं गणित मांडून बघा, पन्नासच्या स्पीडला हवेसाठी दोन हॉर्सपॉवरसुद्धा लागत नाहीत, शंभरला लागतात पंधरा. टायर रस्त्यावर घासून चार-पाच खातात, गिअरबॉक्समध्ये थोडी ताकद जाते, आणि पंचवीसची पिशवी रिकामी. म्हणून गावात चालवताना हवा जाणवतच नाही आणि हायवेला लागलं की तीच सगळ्यात मोठी अडचण होऊन बसते.

मग उपाय दोनच. एक तर इंजिन मोठं करा, नाहीतर हवेला कमी त्रास द्या. इंजिन मोठं म्हणजे जास्त धातू, जास्त पेट्रोल, जास्त पैसा, आणि १९४८ च्या जूनमध्ये मार्क हे नवीन चलन येईपर्यंत जर्मनीत पैशाला किंमतच नव्हती, पेट्रोलची तर बोंबच. पत्रा मात्र वाकवायचाच असतो, तो चौकोनी वाकवला काय नि गोल वाकवला काय, पत्रा तेवढाच (डाय म्हणजे साचा बनवायचा खर्च असतो, पण तो एकदाच). त्यामुळे ज्याच्याकडे काही नाही त्याला हवेकडून उधार मिळणारे चार-पाच हॉर्सपॉवर फार मोठी गोष्ट होती. श्रीमंत देशात आकार ही फॅशन असते, इथे ती गरज होती, आणि मला ह्या गाड्या एवढ्या आवडतात त्याचं कारणही हेच आहे.

हवेला कमी त्रास म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेकांना वाटतं पुढचं टोक बाणासारखं केलं की झालं. उलट आहे. खरा खेळ मागे आहे. लहानपणी मातीच्या रस्त्यावरून एसटी गेली की तिच्या मागे धूळ कशी गोल गोल फिरत तिच्यामागेच ओढली जायची ते आठवा. आणि एसटीची मागची काच आठवा, पुढची काच त्यामानाने बरी असायची पण मागची धुळीने एवढी माखलेली की पोरं बोटाने नावं लिहायची. का? कारण गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे जी जागा रिकामी होते ती भरायला हवेला वेळच मिळत नाही, बाजूने आलेली हवा एसटीच्या सपाट पाठीच्या कडेवरून सुटते, आत वळू शकत नाही, आणि मागे एक कमी दाबाचा भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो. तो पट्टा धूळही ओढतो आणि गाडीलाही मागे ओढतो. पुढून हवा ढकलते त्यापेक्षा मागून हे ओढणं जास्त महागात पडतं.

म्हणून मागची बाजू हळूहळू निमुळती करायची, इतकी हळू की हवा पत्र्याला चिकटून सरकत जाईल आणि शेवटी शांतपणे एकत्र येईल. बांगडा बघा ना, डोक्याकडे गुबगुबीत आणि शेपटीकडे निमुळता, आपण उलटं समजतो, पण मासा जाड बाजू पुढे करून पोहतो. ह्याला जर्मनीत थेंबाचा आकार म्हणायचे (खरा पडणारा पावसाचा थेंब तसा नसतो, छोटा असेल तर गोलच असतो, पण नाव पडलं ते पडलं). गाडीचा आकार ह्या बाबतीत किती चांगला ते एका आकड्यात सांगतात, ड्रॅग कोएफिशंट, थोडक्यात सीडी. सीडी जितका कमी तितकी गाडी हवेतून गुपचूप जाते. विरोध काढायचा तर हा सीडी गुणिले समोरचं क्षेत्रफळ, दोन्ही लागतात, आणि हे दुसरं अर्ध लोक विसरतात. बारीक चणीची गाडी थोडी बेढब असली तरी चालून जाते.

हे ज्ञान युद्धानंतर अचानक आलं नव्हतं. मुळं जुनी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानउद्योगावर बंधनं आणली, मग विमानवाले इंजिनिअर करणार काय, ते गाड्यांकडे वळले. एडमुंड रुम्पलर हा विमानं बनवणारा माणूस, त्याने १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटर शोमध्ये एक गाडी आणली, वरून बघितली तर अक्षरशः थेंब, इंजिन मागे, वळलेल्या काचा. लोकांनी तोंडात बोटं घातली पण विकत कोणी फारशी घेतली नाही, शंभरेक बनल्या असतील. ह्या गाडीला लक्षात ठेवा, शेवटी परत येणारे.

त्याच सुमाराला पॉल याराय. हा व्हिएन्नात जन्मलेला, झेपलिन कंपनीत एअरशिपचे, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या फुग्यासारख्या जहाजांचे, आकार ठरवायचा. आधीच्या एअरशिप पेन्सिलीसारख्या लांबट असायच्या, ह्याने १९१९ च्या बोडेनझे एअरशिपला गुबगुबीत थेंबाचा आकार दिला आणि ती वेगाने जायला लागली. मग त्याने विचार केला की गाडी तर जमिनीला लागून पळते, मग तिच्यासाठी थेंब कसा असावा? त्याचं उत्तर असं की खाली अर्धा थेंब, त्याच्या वर माणसं बसायला दुसरा अरुंद थेंब, चाकं आत झाकलेली, हेडलाइट आत बसवलेले. पेटंट घेतली. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीच्या हान्स लेडविंकाने हे मनावर घेतलं आणि १९३४ ची टाट्रा ७७ आणि मग ८७ बनवली. टाट्रा ८७ म्हणजे ७५ हॉर्सपॉवरवर १६० चा स्पीड. त्या काळात!

पण पूर्ण थेंब बनवायचा तर शेपटी फार लांब होते, पार्क कुठे करणार? श्टुटगार्टला वुनिबाल्ड काम नावाचे प्रोफेसर होते (हे त्यांचं आडनाव, आपलं काम नाही), त्यांनी आणि राइनहार्ड फॉन क्योनिग-फाक्सेनफेल्ड ह्यांनी शोधलं की शेपटी निमुळती होत होत गाडीच्या मोठ्यात मोठ्या छेदाच्या निम्म्यावर आली की सरळ सुरीने कापल्यासारखी कापून टाका, तोटा अगदी थोडा होतो. कारण तोपर्यंत मागचा भोवऱ्यांचा पट्टा लहान झालेला असतो. आज कितीतरी गाड्यांची डिकी वरून हळूच उतरते आणि मग एकदम कापलेली असते, ती ह्या संशोधनाची देणगी आहे. युद्धानंतर काम अमेरिकेत गेले, तिथल्या हवाईदलाने बोलावून घेतलं.

आता बीटलकडे परत. तिचा आकार कागदावर आला तो १९३० च्या दशकात, ह्याच वातावरणात. बीटल डिझाइन करणाऱ्या फर्डिनंड पोर्शेच्या ऑफिसात बॉडीचं काम एर्विन कोमेंडा बघायचा. आकार गोल, मागे उतार, सगळं यारायच्या वळणाचं. पण तिचा सीडी? ०.४८ च्या आसपास. आजच्या साध्या सेडानचा ०.३ च्या मागेपुढे असतो. म्हणजे बीटल दिसते तेवढी स्ट्रीमलाइन नाही, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईटच वाटलं होतं. कारणं बघितली की पटतं. पुढची काच सपाट आणि बऱ्यापैकी उभी. चारही मडगार्ड बाहेर काढलेले, त्यांच्यामध्ये फूटबोर्ड. हेडलाइट मडगार्डवर बसवलेले, बंपर पुढे. प्रत्येक खाचखळग्यात हवा अडखळते. आणि मागचा उतार छान दिसतो खरा पण तो एवढ्या झटकन खाली उतरतो की हवा त्याला चिकटून राहूच शकत नाही, वरच्या अर्ध्यातच सुटते. चार माणसं बसवायची, किंमत कमी ठेवायची, लांबी कमी ठेवायची, ह्या तडजोडी आहेत, आणि तरीही आधीच्या खोक्यासारख्या गाड्यांपेक्षा ती खूप बरी होती. गोल दिसणं आणि हवेत गोल असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच.

आणि ह्याचा पुरावा त्याच माणसांनी त्याच सामानातून दिला, ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बॉम्बिंगमुळे पोर्शेचं ऑफिस १९४४ मध्ये श्टुटगार्टहून ऑस्ट्रियात ग्म्युंड नावाच्या डोंगरातल्या गावी एका जुन्या लाकूडगिरणीत हललं होतं. म्हातारे फर्डिनंड फ्रेंचांच्या कैदेत जाऊन १९४७ मध्ये सुटले, त्यांचा मुलगा फेरी गाडा ओढत होता. १९४८ च्या जूनमध्ये पहिली पोर्शे ३५६ तिथे तयार झाली. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक, बरंचसं फोक्सवॅगनचं, जे मिळेल ते. बॉडी पुन्हा कोमेंडाचीच. मग आलेल्या कूपेंचे (दोन दारांच्या बंद टपाच्या गाड्या) अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लाकडी साच्यावर हाताने ठोकून केलेले, आणि अशा पन्नासेक गाड्या त्या गिरणीत बनल्या.

विंड टनेल (पंख्यांनी वारा सोडून गाडीचा आकार तपासायचा बोगदा) कुठला असायला त्या खेड्यात. मग त्यांनी काय केलं, गाडीच्या बॉडीवर लोकरीचे छोटे छोटे दोरे चिकटवले, गाडी रस्त्यावर पळवली आणि फोटो काढले. जिथे दोरा पत्र्याला चिकटून सरळ मागे पडलाय तिथे हवा शांत वाहतेय, जिथे दोरा थरथरतोय, उभा राहिलाय किंवा उलटा फिरलाय तिथे हवा सुटलीये, तिथे आकार बदला. इतकी साधी आणि इतकी खरी युक्ती, आजही इंजिनिअरिंगची पोरं स्पर्धेच्या गाडीवर हेच करतात.

आता गणित करू, कंटाळू नका, दोन मिनिटांचं आहे. आधी म्हटलं तसं, हवा हीच मुख्य अडचण असेल तर ताकद स्पीडच्या घनाने वाढते, म्हणजे उलट बाजूने, स्पीड ताकदीच्या घनमुळाने वाढतो. हा नियम खरा की नाही ते बीटलवरच तपासता येतं. २५ हॉर्सपॉवरला १०५. पुढे १९६० मध्ये बीटलला ३४ हॉर्सपॉवरचं इंजिन मिळालं. ३४ भागिले २५ म्हणजे १.३६, त्याचं घनमूळ १.११, गुणिले १०५, उत्तर ११६. कंपनीने दिलेला टॉप स्पीड ११५! जमलं ना. म्हणजे ताकद छत्तीस टक्के वाढवली आणि स्पीड वाढला फक्त दहा किलोमीटर. आता त्याच नियमात पोर्शे घाला. ग्म्युंडच्या कूपेचं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं. बीटलच्याच आकारात ४० बसवले असते तर स्पीड आला असता १२३ च्या आसपास. पण ती गाडी पळायची १४० ने. हे वरचे १७ किलोमीटर आले ते फुकट आले, बुटकी गाडी, झुकलेली काच, गुळगुळीत कुशी, लांब उतरता पाठीचा बाक, खालून झाकलेला पत्रा. उलटं गणित केलं तर हवेचा विरोध एक तृतीयांशाने कमी केला असं निघतं. तेवढाच फायदा इंजिनातून काढायचा तर ४० च्या ऐवजी ५९ हॉर्सपॉवर लागले असते, आणि ते त्या इंजिनातून त्या पेट्रोलवर निघणं शक्य नव्हतं.

१९५१ मध्ये पोर्शे पहिल्यांदा ले मान्सच्या २४ तासांच्या रेसला गेली, तेव्हा कारखाना श्टुटगार्टला परत आला होता आणि बॉडी स्टीलची झाली होती, पण रेससाठी त्यांनी मुद्दाम ग्म्युंडच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉड्या काढल्या, कारण त्या हलक्या आणि वरून अरुंद होत्या. चारही चाकांवर झाकणं लावली. ४६ हॉर्सपॉवर, १६० चा स्पीड, आणि ११०० सीसीचा वर्ग जिंकून आली. वर टाट्राला त्याच १६० साठी ७५ लागले होते ते आठवा (ती बरीच मोठी गाडी होती हे मान्य, पण तरी).

समोरच्या क्षेत्रफळाचा मुद्दा ज्याने टोकाला नेला तो इंजिनिअर फ्रिट्झ फेंड. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तीच कथा, जर्मनीला विमानं बनवायला बंदी, १९५५ पर्यंत, आणि मेसरश्मिट, हाइंकेल, डोर्निए ही विमानांची नावं छोट्या गाड्यांवर दिसायला लागली. फेंड आधी युद्धात पाय गमावलेल्या लोकांसाठी तीनचाकी बनवायचा. त्यातून १९५३ मध्ये मेसरश्मिटच्या रेगेन्सबुर्गच्या कारखान्यात काबिनेनरोलर आली, तीन चाकं, माणसं स्कूटरसारखी एकामागे एक बसलेली, वर फायटर विमानासारखा पारदर्शक घुमट, तो कडेला उघडायचा. एकामागे एक बसवल्यामुळे गाडी बारीक, समोरचं क्षेत्रफळ जवळपास निम्मं, मागे निमुळती शेपटी. १९५५ च्या केआर २०० मध्ये १९१ सीसीचं इंजिन, १० हॉर्सपॉवर, आणि स्पीड नव्वद! दहा हॉर्सपॉवरवर नव्वद, डोक्यावर छप्पर घेऊन, दोन माणसं. त्याच वर्षी होकेनहाइमच्या ट्रॅकवर तिची रेकॉर्डसाठी बनवलेली आवृत्ती चोवीस तास पळवली, सरासरी १०३. जो १०५ गाठताना बीटलची पंचवीसची पिशवी रिकामी व्हायची, त्याच्या एवढ्या जवळ एक स्कूटरचं इंजिन रात्रभर पळत होतं. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने फोटो शोधून काढला आणि म्हणाली हे तर विमानच आहे, पंख विसरलेलं.

डीकेडब्ल्यू ह्या जर्मन गाडीकंपनीचं थोडक्यात सांगतो. युद्धाच्या तोंडावर त्यांनी एफ९ नावाची छान स्ट्रीमलाइन गाडी तयार केली, युद्धामुळे ती बाजारात आलीच नाही, मग देशाचेच दोन तुकडे झाले, आणि तोच आकार पूर्वेला त्स्विकाउमध्ये इफा एफ९ म्हणून आणि पश्चिमेला ड्युसेलडॉर्फमध्ये डीकेडब्ल्यू माइस्टरक्लासे म्हणून निघाला. पश्चिमेच्या गाडीत २३ हॉर्सपॉवर आणि शंभरचा स्पीड. एकाच ड्रॉइंगची दोन देशांत दोन मुलं.

सगळेच असे नव्हते, हेही सांगायला हवं. हाम्बुर्गची टेम्पो कंपनी तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायची, त्यातली हान्सेआट नंतर आपल्याकडे बजाज टेम्पोने बनवली आणि मराठीत टेम्पो हा शब्द त्या कंपनीच्या नावावरूनच रुजला. ती चाळीस-पन्नासच्या स्पीडची गाडी, तिथे हवा दोन-तीन हॉर्सपॉवर खाणार, तिला थेंबाचा आकार देऊन काय मिळणार? माल किती बसतो ते महत्त्वाचं. आकाराचा उपयोग स्पीडवर ठरतो, आणि त्या इंजिनिअरांना हे बरोबर कळत होतं.

मोठ्या पैशाच्या बाजूला मर्सिडीज. १९५२ मध्ये त्यांना रेसिंगला परत यायचं होतं पण नवीन रेसिंग इंजिन नव्हतं, होतं ते त्यांच्या जड लिमोझिनचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं. रुडोल्फ उलेनहाउट ह्यांच्या टीमने ते इंजिन ५० अंश आडवं कलंडून बसवलं, का तर बॉनेट खाली यावं. नळ्यांची चौकट एवढी उंच की नेहमीचं दार बसेना, म्हणून दार वर उघडणारं केलं, तीच ती पंखांसारखी दारं. ३०० एसएल. १७० च्या आसपास हॉर्सपॉवर, समोरच्यांकडे ह्याहून जास्त ताकदीच्या गाड्या, पण सरळ रस्त्यावर ही सुसाट.

आणि मग ब्रिटिश जॅग्वार कंपनीचं झालं ते बघण्यासारखं आहे. त्या वर्षी इटलीतल्या मिल्ले मिलिया रेसला जॅग्वारचा ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसने मर्सिडीजचा स्पीड बघितला आणि कंपनीला कळवलं की आपल्याला जास्त स्पीड हवाय. ले मान्स तोंडावर, जॅग्वारने घाईघाईत लांब नाकाची नवी बॉडी बनवली. पण गाडीला हवा नुसती चुकवायची नसते, रेडिएटरला ती प्यायचीही असते, आणि नव्या नाकाच्या मांडणीत इंजिन गार होईना. तिन्ही जॅग्वार तापून पहिल्या काही तासांतच बाद. मर्सिडीज पहिली आणि दुसरी आली. आतून जाणारी हवा हा ह्या विषयाचा अर्धा भाग आहे, बाहेरचा आकार बघून तो कळत नाही.

मर्सिडीजलाही तिचा धडा मिळालाच. १९५४ मध्ये त्यांनी फॉर्म्युला वनची गाडी आणली, चाकं झाकलेली, पूर्ण स्ट्रीमलाइन बॉडी. ४ जुलैला फ्रान्सच्या रॅन्समध्ये त्यांचे ड्रायव्हर फांजिओ आणि क्लिंग पहिले-दुसरे, आणि त्याच दिवशी बर्नमध्ये पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ हरवून फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकला, एका हरलेल्या देशाला तो दिवस कसा गेला असेल विचार करा. रॅन्सचा ट्रॅक म्हणजे लांबच लांब सरळ रस्ते, तिथे हा आकार जिंकणारच. पण दोन आठवड्यांनी इंग्लंडचा सिल्व्हरस्टोन ट्रॅक, वळणंच वळणं, वळणाची कड दाखवायला तेलाचे ड्रम ठेवलेले, आणि झाकलेल्या बॉडीमुळे फांजिओला स्वतःची पुढची चाकं दिसेनात. ड्रमला धडका बसून गाडी चेपली, चौथा आला. पुढच्या न्यूर्बुर्गरिंगच्या रेसला उघड्या चाकांची बॉडी तयार झाली आणि तो जिंकला. मग सप्टेंबरमध्ये मोन्झाच्या वेगवान ट्रॅकवर पुन्हा झाकलेली बॉडी, पुन्हा जिंकला. जसा रस्ता तसा आकार, हे त्यांनी एका सीझनमध्ये शिकून घेतलं.

मग हा सगळा थेंबांचा काळ संपला कसा? सुरुवात १९४९ मध्येच झाली होती. ब्रेमेनच्या कार्ल बोर्गवार्डने हान्सा १५०० आणली, युद्धानंतरची पहिली पूर्ण नवीन जर्मन गाडी, आणि तिला वेगळे मडगार्डच नव्हते. पुढून मागेपर्यंत एक सपाट कूस. ह्या आकाराला पाँटून म्हणायचे, पाँटून पुलाखाली असतात त्या सपाट होड्यांसारखा. बीटल बाहेरून दीड मीटरच्या वर रुंद आहे पण मडगार्ड आणि फूटबोर्डमध्ये ती रुंदी वाया जाते, आत खांद्याला खांदा लागतो. पाँटूनमध्ये तीच रुंदी आत माणसांना मिळते, आणि खाचाही जातात, हवेच्या दृष्टीनेसुद्धा हा फायदाच. पण पाठीमागे मात्र काच उभी आणि डिकीचं वेगळं खोकं, म्हणजे भोवऱ्यांचा पट्टा परत आला. लोकांना डिकी हवी होती. १९५३ मध्ये मर्सिडीज १८० पाँटून झाली आणि मग सगळेच त्या वाटेने गेले.

थेंबाच्या स्वतःच्याही खोडी होत्या. गोल पाठीवरून हवा वेगाने गेली की तिथे दाब कमी होतो आणि मागची बाजू विमानाच्या पंखासारखी उचलली जाते, टायरची पकड सुटते. आणि गोल नाकाच्या निमुळत्या गाडीला आडवा वारा लागला की ती सरळ राहत नाही, त्यात इंजिन मागे असेल तर जास्तच. ग्योटिंगेनला १९३९ मध्ये कार्ल श्ल्योरने अंड्यासारखी एक गाडी बनवली होती, सीडी ०.२ च्याही खाली, पण आडव्या वाऱ्यात सांभाळायला अवघड. शिवाय पन्नासच्या दशकात जर्मनीत पैसा आला, पेट्रोल आलं, इंजिनं मोठी झाली. हॉर्सपॉवर स्वस्त झाला की हवेकडे कोण बघतो.

१९७३ मध्ये तेल महागलं आणि सगळे परत हवेकडे वळले. १९७८ च्या जानेवारीत जर्मनीतली शेवटची बीटल एम्डेनच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि पुढच्या वर्षी फोक्सवॅगनच्या इंजिनिअरांनी म्युझियममधली एक जुनी गाडी आणून आपल्या मोठ्या विंड टनेलमध्ये उभी केली. रुम्पलरचा १९२१ चा थेंब, तोच जो फारसा कोणी विकत घेतला नव्हता. पंखे चालू केले, आकडा आला ०.२८. तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, ऑडी १०० बाजारात आली आणि तिच्या ०.३० चं जगभर कौतुक झालं.